खाल्ल्याची वही

“अहो, मी खातो तरी काय? दोन भाकऱ्या नि आमटी!” वजन उतरत नाही, गुडघे दुखतात, म्हणून असं कुरकुरणारे गुरुजी तुमच्याही गावात असतील. मंडळी, ते खोटं बोलत नाहीत, विसरतात, इतकंच. वाण्याची उधारी लिहितो, तशी आठ दिवस खाल्ल्याची वही ठेवून पाहा. दिवसाचे सहा चहा, दर कपाला दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम, २४० कॅलरी. दोन लहान भाकऱ्या झाल्याच की! अमेरिकेत सुमारे १,७०० जणांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरलं होतं. मात्र रात्री आठवून लिहू नका. खाल्लं की लगेच टिपा. वही दुसऱ्याला दाखवायची नाही, तेव्हा खोटं कशाला लिहायचं?