गेमिंग पीसी घेताना आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

बारावीचा निकाल लागला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की खान्देशातल्या पुष्कळ घरांत कॉम्प्युटरचा विषय निघतो. मुलाला कोडिंग करायचं असतं, व्हॅलोरंट आणि जीटीएही खेळायचं असतं, आणि वडिलांचं बजेट साठ-सत्तर हजारांच्या पुढे जात नाही. सुटे भाग आणून स्वतः जोडायचं धाडस सगळ्यांना होत नाही, म्हणून तयार गेमिंग पीसी पाहिला जातो. त्यात विक्रेता पर्याय ठेवतो: थोडे वाढवा, प्रोसेसर वरचा देतो, आणखी थोडे वाढवा, रॅम दुप्पट करतो, लिक्विड कूलर लावून देतो, लाइटवाले पंखे देतो. घरच्यांनी खळखळ करून जादा दिलेले सात-आठ हजार यातल्या कशावर घालायचे, इथे सगळं अडतं.

या प्रश्नाचं जळगाव-धुळ्याचं उत्तर पुण्या-बंगळुरूपेक्षा वेगळं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण ऊन आणि वीज. ज्या व्हिडिओंवर भरवसा ठेवून आपली मुलं यादी करतात, त्यांतल्या चाचण्या बहुतेक एसीच्या गारव्यात झालेल्या असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि स्लॅबखालची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. खोली जितक्या अंशांनी गरम, साधारण तितक्याच अंशांनी कार्ड आणि प्रोसेसरही गरम. २३ अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारं ग्राफिक्स कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात पोचतं. ते जळत नाही. स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं, पंखे घोंघावतात आणि गेम अडखळायला लागतो. जास्तीचे पैसे मोजून घेतलेला वेग ऐन सुट्टीत हातचा जातो.

म्हणून पहिला जादा रुपया एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. बजेट पीसीत सगळ्यात जास्त काटकसर इथेच होते, कारण हा डबा बाहेरून दिसत नाही आणि कोटेशनमध्ये नुसतं ‘४५० वॉट’ लिहिलं की भागतं. कॅबिनेटचं झाकण काढायला लावा आणि त्याच्यावरचं लेबल वाचा. त्यावर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअरचा आकडा दिलेला असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून घेतात, त्यामुळे त्या आकड्याला १२ ने गुणायचं. १६ अँपिअर लिहिलं असेल तर १९२ वॉट झाले, मग डब्यावर ४५० कितीही ठळक छापलेलं असो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर इथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॉट. २०२५ साली आलेलं आरटीएक्स ५०६० एकटं १४५ वॉट घेतं. प्रोसेसर आणि बाकीचं धरून तीनशेच्या आसपास जातं. पहिला डबा तिथे टिकणार नाही, दुसरा आरामात चालेल.

‘८० प्लस’चा शिक्का असला की झालं, असंही समजू नका. ती चाचणी २३ अंशांच्या आसपास घेतात आणि ती फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगते. हा एसएमपीएस पूर्ण वॉट किती तापमानापर्यंत देतो, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावं. काही ४० अंशांपर्यंत देतात, काही ५० पर्यंत. आपल्याला ५० वाला हवा, आणि त्यासाठी हजार-दीड हजार जास्त गेले तरी ते देऊन टाकावेत.

त्याच पैशांत कॅबिनेट बदलून घ्या. पुढून काच असलेलं कॅबिनेट शोकेसमध्ये छान दिसतं, पण हवा ओढायला त्याला जागा नसते. पुढे जाळी, जाळीमागे निघणारा फिल्टर, पुढून दोन पंखे आत आणि मागून एक बाहेर, एवढं पुरे. खान्देशात धूळ कमी नाही, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या फिल्टरवर तंतूही बसतात. तो धुता आला पाहिजे. ६५ वॉटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर घेणं मात्र मला पटत नाही. साधा टॉवर कूलर तेच काम करतो, आणि बिघडला तरी त्यातला पंखा गावातच बदलून मिळतो.

आता नावांच्या भुलीबद्दल. “भाऊ, आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, चार जीबीचं कार्ड, सगळं चालतं.” हे वाक्य ऐकू आलं की पहिला प्रश्न विचारावा, कितव्या जनरेशनचा? स्वस्तात मिळणारा आय-सेव्हन पुष्कळदा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा असतो आणि चार जीबीचं कार्ड २०१४ चं जीटी ७३०. २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट हवंच असतं. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घ्यायचा, तोच या जुन्या मशीनवर अडतो.

कार्डांतही एकाच नावाखाली दोन माल असतात. आरटीएक्स ३०५० आठ जीबी आणि सहा जीबी यांत फरक नुसत्या मेमरीचा नाही. सहा जीबीवाल्यात कोअर २५६० ऐवजी २३०४, आणि मेमरीची वाट १२८ ऐवजी ९६ बिटची. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल मागत नाही, त्यामुळे लहान एसएमपीएसच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये नंतर टाकायला ते चांगलं. नव्या गेमिंग पीसीत मात्र आठ जीबीच्या भावात ते गळ्यात पडता कामा नये.

रॅम नंतर वाढवता येते, हा जुना सल्ला सध्या जपून घ्यावा. एआय डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. १६ जीबी सुरुवातीलाच घ्या. वेगळं कार्ड नसेल तर आठ-आठच्या दोन स्टिकच हव्यात, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमवरच जगतात आणि एका स्टिकवर त्यांचा वेग फार पडतो. कार्ड असेल आणि मदरबोर्डला दोनच स्लॉट असतील, तर सोळाची एक स्टिक घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवणं मी पसंत करेन. एसएसडी सगळ्यात सोपी, ती पुढे कधीही वाढवता येते. ५०० जीबीची एनव्हीएमई घ्या आणि पुढे चला.

प्रोसेसरच्या नावामागे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतात. तो थोडा स्वस्त पडतो, म्हणून बहुतेक याद्यांत तोच असतो. पण कार्ड बिघडलं, की वॉरंटीसाठी ते डीलरमार्फत बाहेरगावी जातं आणि परत यायला कधीकधी आठवडे लागतात. तेवढे दिवस एफवाल्या पीसीचा मॉनिटर काळाच राहतो, मग परीक्षा असो की प्रोजेक्ट. इथल्या विद्यार्थ्याने दोन हजार जास्त देऊन एफ नसलेला प्रोसेसर घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. बिलावर प्रत्येक भागाचा ब्रँड, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. कार्डावर कंपनीची तीन वर्षं असतात आणि विक्रेता पूर्ण पीसीवर एकच वर्ष सांगतो, असं होतं.

राहिली वीज. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना मॉनिटर धरून पीसी त्याच्या काठावर येतो, म्हणून १००० व्हीएचा घ्यावा. घरात प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याची क्षमता तपासा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर करून पाहा. साध्या मोडवर लाइट गेली, की पीसी रीस्टार्ट होतो. आणि घर जुनं असेल, तर पीसी घरी यायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.