गौलीगुडा ते गन फाउंड्री : संत योसेफाच्या देवालयाची वाटचाल

हैदराबादच्या मराठी माणसाला गौलीगुडा परका नाही. त्या नावातच त्याला गवळी दिसतो. राममंदिर, गुरुद्वारा आणि बसस्थानक ही या वस्तीची ओळख. बसस्थानकाचे विमानशाळेसारखे अजस्र छत ५ जुलै २०१८ रोजी कोसळले. या नावाशी कॅथलिक देवालयाचा संबंध मात्र सहसा कोणी जोडीत नाही. वस्तुतः गन फाउंड्रीत आज उभ्या असलेल्या सेंट जोसेफ कॅथीड्रलच्या इतिहासाचा आरंभ गौलीगुड्यापासूनच करावा लागतो. (येथे 'देवालय' हा शब्द खटकू नये, वसईकडील मराठी ख्रिस्ती आपल्या चर्चला देऊळच म्हणत आले आहेत.)

इ. स. १८२० च्या सुमारास गौलीगुड्यात कॅथलिकांसाठी एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले गेले. ते येथेच का, हे त्या काळच्या शहराची ठेवण ध्यानात घेतली म्हणजे उमगते. तटबंदीचे शहर मुसीच्या दक्षिण तीरावर होते. उत्तर तीरावर कोटी येथे जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याच्या कारकीर्दीत रेसिडेन्सीचा भव्य वाडा उठला आणि त्याच्या आसऱ्याने आसपास नवी वस्ती वाढू लागली. गौलीगुडा या वस्तीच्या अगदी लगत.

रेसिडेन्सीच्या या शेजारामुळे एक समज सहज रूढ होतो, तो असा की ख्रिस्ती धर्म या भागात इंग्रजांच्या पाठोपाठ आला आणि ही देवालये त्यांच्या राज्याची शेष चिन्हे होत. हा समज टिकण्यासारखा नाही. इंग्रज सत्तेचा अधिकृत पंथ अँग्लिकन होता. रोमच्या पोपला मानणारे कॅथलिक त्यांच्या लेखी वेगळे. शिवाय इंग्रजांच्या पुष्कळ आधी, सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, रोमने आदिलशाही आणि गोवळकोंडा या मुलखांसाठी जो धर्माधिकारी नेमला, तो गोव्याच्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण कुळात जन्मलेला मातेउश द कास्त्रु हा होता. एतद्देशीय माणसास असे पद मिळाल्याचे हे पहिलेच उदाहरण. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ते रुचले नाही, आणि त्यांच्याशी झगडण्यातच त्याचे आयुष्य सरले. तेव्हा गोवळकोंड्याच्या कॅथलिक परंपरेच्या आरंभी जे एक ठळक नाव येते, ते आपल्या शेजारच्याच माणसाचे आहे. हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगितले.

इ. स. १८५१ मध्ये हैदराबादचा धर्मप्रांत मद्रासपासून वेगळा करण्यात आला. त्याचे प्रमुख डॅनियल मर्फी हे आयरिश होते. त्यांच्यानंतर ही धुरा मिलान येथे १८५० मध्ये स्थापन झालेल्या मिशनरी संस्थेच्या इटालियन धर्मगुरूंकडे गेली. संख्या वाढू लागली तशी गौलीगुड्याची जागा अपुरी पडली असावी. १८६९ मध्ये फादर ताल्याब्वे यांनी चादरघाटच्या बाजूस एक भूखंड विकत घेतला. विक्रेते मुसलमान गृहस्थ होते. निजामाचे राज्य, मुसलमान विक्रेता, इटालियन ग्राहक! या व्यवहारात इंग्रज कोठेच नाही.

ज्या परिसरात नवे देवालय उभे राहिले, त्याचे नाव गन फाउंड्री, लोकांच्या तोंडी 'तोप का सांचा'. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीने १७८६ मध्ये येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. रेमंड १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याची फ्रेंच पलटण मोडण्यात आली. शहराने मात्र त्याला आपल्या पद्धतीने जपले. 'मुसारामबाग' या नावातला 'मुसाराम' म्हणजे हा 'मुस्यू रेमंड'च.

फादर माल्बेर्ती यांच्या देखरेखीखाली बांधकाम होऊन १८७५ च्या नाताळात देवालय उपासनेसाठी खुले झाले. ते संत योसेफाला वाहिलेले आहे. योसेफ हा मरियेचा पती, येशूचा पालक, व्यवसायाने सुतार. बायबलमध्ये त्याच्या तोंडचा एकही उद्गार नाही. तो ऐकतो, उठतो आणि कामाला लागतो. चर्चमध्ये त्याच्या भक्तीला त्या काळी मोठे भरते आले होते. ८ डिसेंबर १८७० रोजी नववे पोप पायस यांनी त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. त्यानंतर पाच वर्षांनी पुऱ्या झालेल्या देवालयाला त्याचे नाव असावे, यात नवल नाही.

कॅथीड्रल म्हणजे केवळ मोठे चर्च नव्हे. ग्रीक भाषेतील आसनवाचक शब्दावरून हे नाव आले आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल, मग वास्तू लहान असो वा मोठी. १८८६ मध्ये तेराव्या लिओ पोपांनी भारतात बिशपांची नियमित व्यवस्था लावली, तेव्हा हैदराबादला बिशपचा धर्मप्रांत म्हणून मान्यता मिळाली. बिशप काप्रोत्ती यांनी आपले निवासस्थान सिकंदराबादहून येथे हलविले आणि सेंट जोसेफला हा मान प्राप्त झाला. दर्शनी भाग आणि दोन्ही मनोरे नंतरचे, १८९१ च्या सुमाराचे. मनोऱ्यांत बसविलेल्या पाच घंटा इटलीहून आणल्या होत्या. जेथे शतकापूर्वी तोफांसाठी धातूचा रस ओतला जाई, तेथे ओतीव धातूच्याच घंटा वाजू लागल्या.

१९५३ मध्ये हैदराबादला आर्चबिशपचे पीठ मिळाले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी येथील आर्चबिशप अँथनी पूला यांना कार्डिनलपद प्राप्त झाले. ते आंध्र प्रदेशातील कर्नूल जिल्ह्याचे, दलित समाजातून या पदावर पोहोचलेले पहिले कार्डिनल. आयरिश आणि इटालियन धर्मगुरूंनी भूषविलेल्या आसनावर आता तेलुगू मातृभाषेचा मनुष्य बसला आहे. गौलीगुड्यापासून हे देवालय फार तर दोन किलोमीटर अंतरावर असेल. कोटीवरून चालत निघाले, तर अर्ध्या तासात पोहोचता येते.