वेताची जुनी खुर्ची : शब्द, सांगाडा आणि वीण

'वेताची खुर्ची' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की, त्याने नेमकी कोणती वस्तू दर्शविली जाते, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. जुन्नर, घोडेगाव किंवा मंचर येथील एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर या एकाच नावाने तीन निरनिराळ्या वस्तू दाखविल्या जाऊ शकतात. पहिली, जाड वेत उष्णतेने वाकवून सबंध सांगाडाच वेताचा केलेली आणि सांध्यांवर वेताच्या सालीचे वेढे दिलेली खुर्ची. दुसरी, सागवानी वा शिसवी चौकट असलेली आणि केवळ बैठक व पाठ वेताच्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची. तिसरी वस्तुतः वेताची नव्हेच. ती बांबूची असते आणि वेताचे नाव तिला केवळ दिसण्याच्या साम्याने मिळालेले असते. घोटाळ्याचे मूळ 'चा-ची-चे' या प्रत्ययात आहे. 'सोन्याची अंगठी' सबंध सोन्याची असते, 'पाण्याचा हंडा' पाण्याचा केलेला नसतो, आणि 'वेताची खुर्ची' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. जुनी खुर्ची निवडणाऱ्याने हा विग्रह प्रथम करून घ्यावा. कारण या तिन्ही वस्तूंचे आयुष्य, दुरुस्ती आणि मोल यांचे नियम अगदी वेगळे आहेत.

वेत आणि बांबू यांचा भेद भाषेने मात्र पूर्वीपासून नीट राखला आहे. संस्कृत 'वेत्र' यापासून 'वेत', 'वेणु' यापासून 'वेळू', आणि 'वंश' यापासून घराच्या छपराचा 'वासा' असे तीन शब्द मराठीत आले. वेळू आतून पोकळ असतो. वेत हा ताडाच्या कुळातील वेल असून तो आतून भरीव असतो, आणि त्यामुळेच तो न चिरता वाकविता येतो. एखादी खुर्ची बांबूची की वेताची, हे पाहण्यासाठी कापलेले टोक तेवढे तपासले तरी पुरे.

जुन्नरपुरते बोलायचे, तर या धंद्याचा लेखी पुरावा फार जुना आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील तेथील लेण्यांच्या एका ब्राह्मी लेखात वासकार आणि कासाकार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. वासकार म्हणजे वंशकार, बांबूकाम करणारे. कासाकार म्हणजे कांस्यकार, काशाची भांडी घडविणारे. दानाची रक्कम ज्यांच्या हाती विश्वासाने सोपवावी, अशी बांबूकाम करणाऱ्यांची पत त्या काळी या गावात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे या दोन शब्दांचे नशीब वेगवेगळे झाले. कांस्यकाराचा 'कासार' झाला आणि तो शब्द आजही चालतो. वासकार मात्र लोपला आणि त्याच्या जागी 'बुरूड' हा शब्द आला. स्मृतिग्रंथांत बुरुडाची गणना रजक, चर्मकार, नट इत्यादींबरोबर अंत्यजांत केलेली आढळते. श्रेणीतील वासकार आणि नंतरचे बुरूड यांचा वंशसंबंध जोडण्यास आधार नाही. परंतु धंदा तोच राहिला आणि तो करणाऱ्याची पायरी घसरली, एवढे तरी या शब्दांवरून दिसते.

जाता जाता एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारात 'दुसऱ्या वेताची' असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या मनात खुर्ची येणार नाही, गाय वा म्हैस येईल. हा 'वेत' विण्याच्या क्रियेशी निगडित असून 'वेत्र' शब्दाशी त्याचे काही नाते नाही. 'वीण' या शब्दाचेही तसेच आहे. जाळीची वीण वेगळी आणि गुरांची वीण वेगळी.

'खुर्ची' हा शब्द अरबी-फारसी 'कुर्सी' या रूपावरून आला आहे, आणि त्या शब्दाची परंपरा अरामी भाषेतून मागे अक्कदीपर्यंत पोहोचते. १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या निजामशाहीचे आरंभीचे ठाणे जुन्नरच होते. अशा सत्तांच्या कारभारातून असे कित्येक शब्द मराठीत स्थिरावले. परंतु शब्द आला म्हणून वस्तू घरोघर आली असे होत नाही. मराठी घराची बैठक पाट, चौरंग, गादी व लोड यांचीच राहिली. याचा अर्थ, विणलेले आसन या देशास अपरिचित होते असा मात्र नाही. ऐतरेय ब्राह्मणात राज्याभिषेकाच्या प्रसंगी औदुंबराच्या लाकडाची व मुंज गवताच्या विणीची आसंदी सांगितली आहे, आणि कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गात हिमालय सप्तर्षींना बसवितो ते वेत्रासनांवर. आज जिला आपण वेताची जुनी खुर्ची म्हणतो, ती मात्र या परंपरेतून सरळ उतरलेली नाही. आग्नेय आशियातील वेत व्यापारी कंपन्यांनी युरोपात नेला, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये त्याच्या जाळीच्या खुर्च्यांची चाल पडली, आणि पुढे ते रूप इंग्रजी अंमलाबरोबर कचेऱ्या, बंगले व मुसाफिरखाने यांच्या वाटेने इकडे आले. गावोगावी ती मामलेदार, मुख्याध्यापक, वकील, डॉक्टर यांच्या घरी शिरली. तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या परिसरात कोणी 'शिवकालीन' वेताची खुर्ची दाखवू लागला, तर ती किंमत वाढविण्याची युक्ती समजावी. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा पूर्वार्ध, एवढ्याच कालखंडाची अपेक्षा धरणे शहाणपणाचे आहे.

'अँटिक' हा बाजारातील शब्दही सैल आहे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक केंद्रीय कायद्याने कारागिरीच्या वस्तूंसाठी निदान शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यास मनाई केली आहे. परदेशस्थ नातलगासाठी खुर्ची घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. परंतु शंभर वर्षे कशाची मोजावयाची? येथेच सर्व विषयाचे मर्म आहे. वेताची जाळी झिजते, तुटते आणि खुर्ची वापरात असेल तर दर पिढीत एकदा तरी नव्याने विणावी लागते. सांगाडा मात्र तोच राहतो. जुन्या खुर्चीत जुने असते ते लाकूड, त्याचे सांधे व त्याला पाडलेली भोके. नव्या, पिवळ्याधमक जाळीवर आणि ताज्या पॉलिशवर भाळून जो गिऱ्हाईक पैसे मोजतो, तो बहुधा खुर्चीतील सर्वांत नव्या भागाची किंमत जुन्याच्या भावाने देत असतो. उलट, जाळी फाटलेली, धूळ खात पडलेली, परंतु चौकट शाबूत असलेली खुर्ची स्वस्तात मिळते आणि तिच्यात काही लपविता येत नाही. दोहोंतून निवड करावयाची झाल्यास दुसरीच घ्यावी.

तपासणी करावयाची ती खुर्ची उलटी करून. बैठकीच्या चौकटीला खालून ओळीने भोके दिसत असतील, तर ती हाताने विणण्यासाठी केलेली आहे. ही भोके साधारणतः अर्ध्या ते पाऊण इंचाच्या अंतराने असतात. भोकांऐवजी वरच्या बाजूस सलग खाच असून तीत जाळीची कड ठोकून बसविलेली असेल, तर ती यंत्रावर विणलेल्या तयार जाळीसाठी केलेली आहे. अशी जाळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. त्यामुळे केवळ खाच आहे म्हणून खुर्ची नवी ठरत नाही. मात्र खालून भोके आणि वरून खाच अशी दोन्ही चिन्हे एकत्र आढळली, तर मूळची हातविणीची चौकट कोणीतरी पुढे श्रम वाचविण्यासाठी कोरली, असे समजावे. अशी चौकट दुबळी झालेली असते.

भोकांच्या ओळीकडे विशेष बारकाईने पाहावे. ओळीने पाडलेली भोके ही लाकडातील फाडण्याची रेघच असते. दर वेळी नवी वीण घालताना पट्ट्या ताणल्या जातात, खुंट्या ठोकल्या जातात, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे बारीक चीर धावू लागते. लाखेच्या पॉलिशाखाली व भुशाच्या लुकणाखाली ती झाकता येते, म्हणून पॉलिश न केलेल्या खालच्या बाजूवरून नख फिरवून पाहावे. पायांचे व आडव्या दांड्यांचे सांधे खाच आणि कुसू यांचे असावेत. हाताने हलविल्यास खुर्ची किंचित कुरकुरली तरी चालेल, पण तिरपी होता कामा नये. ढिला सांधा सुतार पुन्हा बसवून देतो. खिळे मारून जखडलेला सांधा मात्र उकलतानाच फुटतो. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू हा १९३० नंतरच्या दशकांतील प्रकार आहे. तो दिसला तर निदान तेवढी दुरुस्ती त्यानंतरची, हे निश्चित. झीजही वाचता आली पाहिजे. खरी झीज असमान असते : हातांच्या पुढच्या टोकांवर, पुढच्या आडव्या दांडीवर जेथे टाचा टेकतात तेथे, आणि मागच्या पायांच्या तळाशी. सर्व कडा सारख्याच गोलसर झालेल्या असतील, तर ते काम कालाने केलेले नसून पॉलिशकागदाने केलेले असते. बारीक छिद्रांतून ताजे पीठ गळत असेल, तर कीड जिवंत आहे. अशी खुर्ची घरातील इतर लाकडाजवळ नेऊ नये.

जाळी खऱ्या वेताची की प्लॅस्टिकची, हे ओळखणे कठीण नाही. वेताची पट्टी ही वेलाची साल असते. तिच्यावर ठरावीक अंतराने पेराची पुसट खूण दिसते, रुंदी किंचित कमीजास्त असते आणि खालची बाजू मंद, तंतुमय असते. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकाच रुंदीची असते. ती तुटत नाही हे खरे. परंतु ती भाराने ताणली जाते आणि पुन्हा आवळत नाही. शिवाय तिच्या कडा भोकांत लाकूड कापतात, हा तोटा फार थोड्यांच्या लक्षात येतो.

वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्यांची जात निराळी आहे. इराण्यांच्या हॉटेलांमुळे मुंबई-पुण्याच्या माणसाला त्या परिचित आहेत. मिखाएल टोनेट याने १८५९ मध्ये प्रचारात आणलेल्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे सहाच तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट असत, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. त्यांचे लाकूड बीच या युरोपीय झाडाचे. सागवानाच्या मानाने त्याला कीड फार लवकर लागते, म्हणून येथील हवेत ती अधिक जपून घ्यावी. बैठकीच्या कड्याच्या आतील बाजूस कारखान्याची चिठ्ठी वा ठसा आहे का, ते पाहावे. नकला पुष्कळ झाल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात त्या आढळतात.

निवडीत घराचा विचारही यावा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला जो पाऊस पडतो, तो मंचरच्या पावसाच्या कित्येक पटींनी अधिक असतो. जुन्नर तालुक्यातही घाटघर आणि बेल्हे यांचे हवामान एक नाही. घाटमाथ्यावर चार महिने वेत ओल धरतो, जाळी सैल पडते आणि बुरशी येते. तेथे सबंध वेताच्या खुर्चीपेक्षा सागवानी चौकटीची खुर्ची बरी, आणि ती ओसरीवर न ठेवता चुलीच्या उबेच्या अलीकडे ठेवावी. पूर्वेकडे कोरड्या उन्हाळ्यात तीच साल ठिसूळ होऊन तुटते. तेथे महिन्या-दोन महिन्यांनी जाळीला खालून ओले फडके लावून सावलीत वाळू द्यावे. वाळताना ती पुन्हा आवळते. म्हाताऱ्या माणसासाठी खुर्ची हवी असेल, तर लांब हातांची, पाय पसरून पडण्याची आरामखुर्ची कितीही ऐटदार असली तरी टाळावी. तीतून उठण्यास दुसऱ्याचा हात लागतो.

आता विणकराविषयी. हातविणीचे सात टप्पे असतात : मागून पुढे एक थर, त्यावर आडवा, पुन्हा उभा, मग वरखाली गुंफत दुसरा आडवा, त्यानंतर दोन दिशांचे तिरपे थर आणि शेवटी कडेची बांधणी. यातून जाळीची अष्टकोनी छिद्रे आपोआप उमटतात. या कामात डोळ्यांपेक्षा बोटांनी भोके मोजण्याला महत्त्व आहे. म्हणूनच भारतातील अंधशाळांतून वेतकाम दीर्घकाळ शिकविले गेले, आणि रेल्वे व सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणण्याची पदे दृष्टिहीनांसाठी योग्य म्हणून ठरविण्यात आली. पुढे कचेऱ्यांत लोखंडी व प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि त्या कामाची मागणी आटली. एक बैठक नीट विणण्यास कित्येक तासांची अखंड मेहनत लागते. गिऱ्हाईक मात्र मजुरीची तुलना दुकानात वारावर मिळणाऱ्या तयार जाळीच्या भावाशी करते. फाटक्या जाळीची खुर्ची घेताना जी रक्कम वाचते, ती या मजुरीसाठी राखून ठेवावी, आणि काम देताना तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्या : पट्टी खऱ्या वेताची असावी, तिची रुंदी भोकांच्या अंतराला साजेशी असावी, आणि मूळच्या भोकांतूनच वीण घालावी, नवी खाच कोरू नये. विणकराने एखादे भोक फुटलेले दाखविले, तर खुर्ची आधी सुताराकडे पाठवावी लागेल.