पस्तीस डॉलरचा विदूषक

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत विषमता कोष्टकांतून भेटते. टोनी केड बाम्बारा या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या ‘गोरिला, माय लव्ह’ (१९७२) या कथासंग्रहात ती खेळण्याच्या किमतीतून भेटते. ‘द लेसन’ या कथेतील मिस मूर ही सुशिक्षित बाई वस्तीतल्या गरीब मुलांना न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील खेळण्यांच्या दुकानात नेते. तेथे कोलांट्या मारणारा विदूषक ३५ डॉलरला, तर शिडाची होडी १,१९५ डॉलरला! सिल्व्हिया मनाशी हिशेब मांडते: ३५ डॉलरमध्ये घरातल्या पोरांना पलंग येतील, साऱ्या कुटुंबाला गावाकडच्या आजोबांना भेटून येता येईल. पण दुकानाच्या दाराशी याच धीट मुलीची पावले अडखळतात. कोणीही मज्जाव केलेला नसतो, तरी तिला लाज वाटते. वर्णभेद मनात किती खोल रुजतो, हे त्या एका क्षणात उमगते.

तरीही हा संग्रह रडका नाही. या मुलींची जीभ तिखट आहे, विनोदबुद्धी शाबूत आहे. ‘रेमंड्स रन’मधील हेझल शर्यत जिंकते; मात्र तिचे मन गुंतते ते कुंपणापलीकडून धावणाऱ्या, वयाने थोरल्या पण बुद्धीने लहान राहिलेल्या भावात.

सहल संपल्यावर ‘आज काय शिकलात?’ या मिस मूरच्या प्रश्नाला सिल्व्हिया उत्तर देत नाही. एकटीच विचार करायला निघून जाते. धडा पोहोचला की नाही, हे केवळ उत्तरपत्रिकेवरून ठरविणाऱ्यांनी हा अबोल शेवट अवश्य वाचावा.