अथेन्सची सभा आणि नागसेनाची अट

प्राचीन ग्रीसचे नाव निघताच लोकशाही, तत्त्वज्ञान आणि नाटक या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. या तिन्हींना बळ मिळाले ते चारचौघांत उभे राहून प्रश्न विचारण्याच्या सवयीतून. हा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

इ.स.पू. ५९४ च्या सुमारास अथेन्समध्ये सोलोनने कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची प्रथा बंद केली. इ.स.पू. ५०८ मध्ये क्लेइस्थेनिसने नागरिकांची दहा गटांत पुनर्रचना केली. प्रत्येक गटातून पन्नास, असे पाचशे जणांचे मंडळ कारभार पाहू लागले. पुढे हे सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जात. प्निक्स टेकडीवरच्या सभेत नागरिक हात वर करून मत देत. ॲरिस्टोफेनिससारखा नाटककार भर रंगभूमीवर सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवी.

परंतु स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी या सभेबाहेरच राहिले. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसने केलेल्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील, तरच नागरिकत्व मिळू लागले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा हा रोग आपल्या परिचयाचा आहे. ॲरिस्टॉटलने गुलामगिरी निसर्गसिद्ध मानली. प्लेटोने समाज तीन वर्गांत विभागला. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्य आणि प्लेटोची ही कल्पना शेजारी शेजारी ठेवून तपासली. माणसांमधील अपार वैविध्य मोजक्या कप्प्यांत कोंबता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. प्रश्न विचारणाऱ्या सॉक्रेटिसला तर इ.स.पू. ३९९ मध्ये याच लोकशाहीने मृत्युदंड दिला.

अलेक्झांडरच्या स्वारीनंतर वायव्येकडे ग्रीक वस्त्या आणि राज्ये उभी राहिली. भारतीयांनी या लोकांना यवन म्हटले. त्यांच्या खुणा महाराष्ट्रातही सापडतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. नाशिकचे सतरावे लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या यवनाने कोरवले. ब्राह्मणी परंपरेने ज्यांना म्लेच्छ लेखले, त्यांची नावे बौद्ध लेण्यांत दाते म्हणून सन्मानाने कोरली गेली.

याच यवनांतील राजा मिनँडर, म्हणजेच आपला मिलिंद, इ.स.पू. दुसऱ्या शतकात सागल येथे राज्य करीत होता. भदन्त नागसेनांशी त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आला आहे. राजाने चर्चेची इच्छा व्यक्त करताच नागसेनांनी अट घातली : विद्वानांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे बोलणार असाल तर नाही. विद्वान चूक दाखवली तरी रागावत नाहीत. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली. सॉक्रेटिसला जे संरक्षण मिळाले नाही, ते नागसेनांनी चर्चेच्या आरंभीच मागून घेतले.

भिक्खुसंघातही ठराव मांडण्याचे आणि शलाका वाटून मते मोजण्याचे नियम होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघाच्या या कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले. १९५० मध्ये त्यांच्या संस्थेने औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ या नावाने आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ म्हणून प्रसिद्ध झाला. ज्यांना शतकानुशतके शाळेचा उंबरठा बंद होता, त्यांच्या मुलांनी तेथे शिक्षण घेतले.

१९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पण आपल्या वाडवडिलांच्या हाती मत आले होते. अथेन्सने गुलामाला आणि स्त्रीला जे कधीच दिले नाही, ते संविधानाने आपल्या धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या आजीलाही दिले. मात्र मत मिळाले म्हणून कचेरीत किंवा ग्रामसभेत जाब विचारण्याचे धैर्य आपोआप येत नाही. ते लहानपणी, वर्गातच अंगी बाणवावे लागते. म्हणून आमच्या निवासी शाळेत मूल हात वर करून “असे का?” विचारते, तेव्हा नागसेनांची अट पाळणे आम्हा शिक्षकांवर बंधनकारक आहे. घरी हाच प्रश्न आला, तर पालकांनीही ती पाळावी.