भूदान जमिनीची देखरेख, वर्धा जिल्ह्यातील

भूदान चळवळीत दान मिळालेली शेतजमीन भूमिहीनांच्या वहितीसाठी राखून ठेवणे, ती विकली किंवा गहाण टाकली जाऊ न देणे आणि तिचा वापर शेतीसाठीच होतो की नाही हे पाहणे, या कामास येथे देखरेख म्हटले आहे. विदर्भात या जमिनींना १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू आहे. भारतातील शेतजमिनीचा बहुतेक भाग खाजगी मालकीचा असून त्याची खरेदी-विक्री होऊ शकते. भूदान जमीन वंशपरंपरेने कसता येते; परंतु ती बाजारात जाऊ शकत नाही. या एका बंधनावरच तिचे अस्तित्व अवलंबून आहे. हे बंधन पाळले जाते की नाही हे पाहण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात जितके स्पष्ट आहे तितके गावात नाही.

पार्श्वभूमी : वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. मध्य प्रांतातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे असे. त्याबरोबरच गावची पडीत जमीन, चराई, झाडोरा आणि तलाव यांवर त्याचा ताबा असे. मध्य प्रदेश शासनाने १९५० च्या अधिनियमाने ही पद्धत रद्द केली व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. तथापि सीर आणि खुदकाश्त, म्हणजे मालगुजाराच्या घरच्या वहितीची जमीन, त्याच्याकडेच राहिली. मध्यस्थ गेला, पण गावातील भूमिहीन मजुराच्या हाती वावर आले नाही.

त्याच सुमारास विनोबा भावे (१८९५–१९८२) हे वर्ध्याहून पायी हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलनास गेले होते. संमेलनानंतर तेलंगणात फिरत असता १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे तेथील हरिजनांनी कसण्यासाठी ८० एकर जमीन मागितली आणि गावातील जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ येथून मानला जातो. विनोबा त्याच वर्षी धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात परतले आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या दिशेने पुन्हा पायी निघाले. त्यानंतर ही मागणी देशव्यापी झाली. पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. प्रत्यक्षात ४० लाख एकरांहून थोडी अधिक जमीन दानपत्रांवर आली आणि तिच्यातील बराच भाग वाटलाच गेला नाही.

चळवळीपूर्वी पवनारला झालेल्या एका प्रयोगाचा येथे उल्लेख करावयास हवा. १९५० च्या सुमारास विनोबांनी आश्रमात कांचनमुक्ती व ऋषिशेती हे प्रयोग आरंभिले. पैशाचा व्यवहार टाळून व बैल न लावता, केवळ हाताने कुदळ-फावडे चालवून आश्रमवासी अन्न पिकवीत. जो स्वतः कसेल त्याच्याकडेच जमीन असावी, ही भूदानामागील अट या अनुभवातून आलेली आहे. पुढे कायद्यात पट्टेदारावर जी बंधने आली त्यांचे मूळ या धारणेत शोधावे लागते.

कायदा : वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. दानपत्रावर सही झाली म्हणजे जमिनीचे हस्तांतरण झाले असे नव्हे. नोंदणी, मुद्रांक आणि कूळहक्क यांच्या प्रचलित नियमांत अशा हजारो लहान दानांची वाट लागणे कठीण होते. म्हणून उत्तर प्रदेशाने १९५२ मध्ये, मध्य प्रदेशाने १९५३ मध्ये व बिहारने १९५४ मध्ये स्वतंत्र अधिनियम केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राज्य बदलले तरी विदर्भाच्या आठ जिल्ह्यांपुरता मध्य प्रदेशचा हा अधिनियम चालू राहिला. खुद्द मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये नवा अधिनियम केला.

अधिनियमाची रचना साधी आहे. भूदान यज्ञ मंडळ ही कायदेशीर संस्था असून दान केलेली जमीन तिच्याकडे निहित होते. दाता महसूल अधिकाऱ्यापुढे दानाची घोषणा करतो. ती जाहीर करून हरकती मागविल्या जातात. दात्याला ती जमीन देण्याचा हक्क होता की नाही याची चौकशी होते व त्यानंतर दान कायम किंवा रद्द होते. कायम झालेली जमीन मंडळ भूमिहीनास पट्ट्याने देते. जमीन मिळालेल्या शेतकऱ्यास या नोंदीत पट्टेदार म्हटले आहे. पट्टेदाराचा हक्क वारसांकडे जातो. मात्र त्याने जमीन विकू नये, दुसऱ्याला लावून देऊ नये व पडीत ठेवू नये, अशी अपेक्षा असते. अटींचा भंग झाल्यास जमीन परत घेऊन दुसऱ्या भूमिहीनास देता येते.

वाटपाची रीत कायद्याहून अधिक विचारपूर्वक आखलेली होती. कार्यकर्त्याने गावात आगाऊ सूचना द्यावी, सर्व गावकऱ्यांची सभा बोलवावी आणि त्या सभेतच जमीन वाटावी, असा दंडक होता. कोणाची गरज अधिक आहे हे भूमिहीनांनीच एकमेकांत ठरवावयाचे. एकमत न झाल्यास चिठ्ठ्या टाकावयाच्या. जमिनीचा तिसरा हिस्सा हरिजनांना मिळावा असा आग्रह होता. अशा रीतीने पट्टा कोणास व का मिळाला याचे साक्षीदार सगळे गाव होई. हे दप्तरातील कागदापेक्षा भक्कम प्रमाण होते. परंतु साक्षीदारांचे आयुष्य संपले की तेही संपणार होते. त्या सभेला पुढे कोणताही कायम अधिकार देण्यात आला नाही. वाटप गावाने केले आणि देखरेख जिल्ह्याबाहेरील मंडळाकडे गेली, हा या व्यवस्थेतील मूळ दोष होय.

जमिनीचा कस : वर्धा जिल्ह्यातील शेतकरी जमिनीचे काळी, मोरंड, खरडी आणि बरड असे भेद करतात. काळी व मोरंड ओल धरून ठेवतात व कापसाला उत्तम समजल्या जातात. खरडीचा थर पातळ असतो आणि बरड दगडगोट्यांची. दान देणाऱ्याने आपल्या वावरातील कोणता तुकडा दिला असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. काळ्या रानाचे दान देणारेही होते, पण टेकडीलगतचे बरड किंवा धुऱ्यावरून वाद असलेले तुकडे दानात आले, अशी तक्रार देशभर सर्वत्र झाली आणि विदर्भ तिला अपवाद नव्हता. कोरडवाहू बरडात ज्वारी किंवा तूर घेता येते. कापूस घ्यावयाचा तर पाऊस अनुकूल हवा. बैलजोडी, बियाणे आणि पहिल्या पिकापर्यंतचे पोट यांची सोय नसलेल्या मजुराच्या हाती अशी जमीन दिली, तर पहिल्याच दुष्काळात तो ती ठोक्याने किंवा बटईने दुसऱ्याला देतो व स्वतः सालदारकीला जातो. कायद्याच्या दृष्टीने हा अटीचा भंग आहे. भंगाची कारवाई करणे सोपे असते, बैल देणे अवघड असते. म्हणून देखरेखीचा अर्थ केवळ पहारा एवढाच घेणे अपुरे ठरते.

वर्गीकरणाची अडचण यातच येते. भूदान जमीन हस्तांतरणास बंद असल्यामुळे तिच्या तारणावर कर्ज मिळविणे कठीण जाते. ज्या बंधनाने जमीन पट्टेदाराच्या हाती राहते तेच बंधन तिच्यावर विहीर खणण्यास लागणारे भांडवलही अडविते. पीककर्ज, खत व बियाणे यांच्या योजना सातबारावर चालतात, म्हणून पट्टेदाराचे नाव सातबाराला चढणे हे केवळ मालकीचे नव्हे तर जगण्याचे प्रकरण होते.

नोंदी व त्यांतील गळती : भूदान जमिनीचा इतिहास चार कागदांत असतो : दानपत्र, दान कायम केल्याचा आदेश, पट्टा आणि फेरफार. पहिले दोन मंडळाकडे किंवा तहसीलीत, तिसरा पट्टेदाराच्या घरी आणि चौथा तलाठ्याकडे. यांतील एखादा दुवा सुटला की साखळी तुटते. सर्वात घातक प्रकार म्हणजे पट्टा दिला गेला, पण फेरफार झाला नाही. सातबाराला दात्याचेच नाव राहते. दाता वारल्यावर त्याचे वारस लागतात आणि त्यांच्यापैकी एखादा, दानाची गोष्ट ठाऊक नसल्याने किंवा असूनही, जमीन विकतो. विकत घेणाऱ्याने सातबारा पाहिलेला असतो आणि तो आपल्या परीने निर्दोष असतो. चाळीस वर्षे कसणारे कुटुंब त्या दिवशी अतिक्रमणदार ठरते.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. नाव पट्टेदाराचे लागलेले असते, परंतु सातबारा नव्याने लिहिताना ‘भूदान’ हा शेरा गळतो. शेरा गळाला की जमीन इतर कोणत्याही जमिनीसारखी दिसते आणि नोंदणी कार्यालयात तिच्या विक्रीस अडथळा उरत नाही. या वेळी जमीन घालविणारा पट्टेदार स्वतःच किंवा त्याचा मुलगा असतो. शहरालगत व महामार्गालगत जमिनीचे दर वाढले की असे शेरे अधिक गळतात, हा अनुभव विदर्भापुरता नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) खातेदारांचे वर्ग केले असून हस्तांतरणास बंधन असलेल्या जमिनी साधारणपणे भोगवटादार वर्ग दोनमध्ये येतात. हा वर्ग नीट लिहिलेला असेल तर शेऱ्याचे काम तो करतो. म्हणून भूदान जमिनीची तपासणी म्हणजे बहुतांशी या एका रकान्याची तपासणी असते.

स्थानिक यंत्रणा : मंडळाकडे गावोगाव कर्मचारी नाहीत. प्रत्यक्ष जमीन पाहणारा माणूस तलाठी हा होय (मध्य प्रांताच्या काळात त्याला पटवारी म्हणत, जिल्ह्यात वृद्ध मंडळी अजूनही म्हणतात). पीक पाहणीच्या वेळी कोणत्या गटात कोणते पीक आहे व ते कोण कसतो, हे टिपणे त्याचे काम असे. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली असून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. नोंद लवकर होते, हा त्याचा फायदा. परंतु कसणारा आणि खातेदार निराळे असतील तर ते दाखविण्याची निकड नोंद करणाऱ्यास राहत नाही. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी, तहसीलदार व जिल्हाधिकारी अशी साखळी आहे. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांना भूदान जमिनीवर स्वतंत्र अधिकार नाही. त्या ठराव करून तक्रार करू शकतात, इतकेच.

सेवाग्रामला १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सर्व सेवा संघामुळे व पवनारच्या आश्रमामुळे वर्धा हे या चळवळीचे केंद्र राहिले. परंतु केंद्रालगतच्या जमिनीची देखरेख अधिक चांगली झाली असे आपोआप म्हणता येत नाही. कार्यकर्ते दान गोळा करण्यासाठी देशभर फिरत होते. दान मिळाल्यानंतरचे दीर्घ आणि नीरस काम, म्हणजे मोजणी, फेरफार व दरवर्षीची फेरी, यांसाठी तितकी माणसे कधीच मिळाली नाहीत.

ग्रामदानाचा पर्याय : ही उणीव विनोबांच्या लक्षात आली होती. उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने १९५२ मध्ये सर्व जमीन गावाच्या स्वाधीन केली आणि भूदानातून ग्रामदान निघाले. ग्रामदानात कसण्याचा हक्क शेतकऱ्याकडे आणि मालकी गावाकडे राहते. जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढला जातो आणि गावाबाहेर विक्री होऊ शकत नाही. महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदान अधिनियम केला. त्याअन्वये देखरेख गावातच येते, कारण फेरफाराचा निर्णय घेणारे आणि वावर रोज पाहणारे लोक तेच असतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २०१३ मध्ये ग्रामदान जाहीर केल्याने हा विस्मृतीत गेलेला अधिनियम पुन्हा चर्चेत आला. राज्यात ग्रामदानी गावे मोजकीच आहेत. ग्रामदानासाठी गावातील बहुसंख्य जमीनधारकांची संमती लागते; जेथे जमिनीची किंमत वाढत आहे तेथे ती मिळणे कठीण, आणि देखरेखीची गरज नेमकी तेथेच अधिक असते.

इतर देशांतील व्यवस्था : शेतजमीन राखण्याचा प्रश्न इतरत्र निराळ्या कारणाने उद्भवला आहे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्याने १९७७ मध्ये शेतजमीन संरक्षण प्रतिष्ठान स्थापन केले. शेतकरी जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क या प्रतिष्ठानास विकतो व मालक तोच राहतो. प्रत्येक काउंटीत शेतीविषयक सल्लागार मंडळ असते व त्यात स्थानिक शेतकरी असतात. फ्रान्समध्ये १९६० च्या कायद्याने स्थापन झालेल्या भूमिसंस्थांना शेतजमीन विक्रीस निघाल्यास प्रथम खरेदीचा हक्क मिळू शकतो. तेथे राखावयाचे आहे ते शेत. भूदानात राखावयाचा आहे तो शेतावरील भूमिहीनाचा हक्क. शेत राहिले आणि कसणारा बदलला, तर मेरीलँडच्या दृष्टीने फारसे बिघडत नाही. भूदानाच्या दृष्टीने सारेच बिघडते. या दोन्ही देशांत मात्र देखरेख करणारा घटक प्रदेशातच बसविलेला आहे.

सद्यःस्थिती : जिल्ह्यातील वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांचे सातबारा उतारे संगणकावर आले आहेत. त्यामुळे एका गटाचा शेरा पाहणे सोपे झाले आहे. परंतु संगणकावर चढताना जो शेरा आधीच गळालेला होता तो आपोआप परत आलेला नाही. तो शोधण्यासाठी मंडळाकडील जुनी दानपत्रे, तहसीलीतील आदेश आणि आजचा उतारा गटवार ताडून पाहावा लागतो. जुन्या दानपत्रांत खसरा किंवा सर्व्हे क्रमांक असतात, आजच्या उताऱ्यात गट किंवा भूमापन क्रमांक. मध्यंतरी हिस्से पडलेले असतात. ही ताडणी गावात, पट्टेदाराच्या घरातील जुना पट्टा व शेजारच्या धुऱ्यावरील शेतकऱ्याची साक्ष घेऊनच पुरी होऊ शकते.