औषधे थांबली की फुगणारी ग्रंथी

ल्युकेमियाची केमोथेरपी संपून काही महिने झालेले असतात. मूल शाळेत जाऊ लागलेले असते, डोक्यावर केस आलेले असतात, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये मधोमध एक रुंद सावली दिसते. आजार उलटला की काय? शंका निराधार नसते, कारण टी पेशींच्या ल्युकेमियात अनेकदा नेमकी इथेच गाठ सापडते. पण पुष्कळदा ती सावली थायमसची निघते.

उरोस्थीमागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या या ग्रंथीत टी पेशी तयार होतात. स्टेरॉइड आणि केमोथेरपीने ती आक्रसते. औषधे थांबली की ती पुन्हा वाढते, आणि काही मुलांत तर मूळ आकारालाही मागे टाकते. मोठ्यांत हे कमी दिसते, कारण पौगंडावस्थेनंतर थायमसची जागा हळूहळू चरबी घेते.

मोठ्या थायमसची धास्ती जुनीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ती श्वासनलिका दाबून बाळांचा अचानक जीव घेते, असे कित्येक डॉक्टर मानत. अमेरिकेत हजारो धडधाकट बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. मुळात 'योग्य आकार' ठरला होता शवविच्छेदनांवरून, आणि ती शरीरे बहुतेक दीर्घ आजाराने वा उपासमारीने गेलेल्यांची. त्यांची थायमस आधीच सुकलेली! पुढे, १९५० मध्ये, डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांना तान्हेपणी हेच किरण दिलेले आढळले.

ही ग्रंथी करते तरी काय, हे १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांच्या हाती लागले, तेही उंदरांच्या ल्युकेमियाचा अभ्यास करताना. नवजात उंदरांची थायमस काढल्यावर ते पुढे खंगत गेले, संसर्गाने मेले. परक्या उंदराची त्वचा चिकटवली तरी त्यांचे शरीर ती झिडकारेना.

आज निदान करताना पेट स्कॅन फसवू शकतो, कारण वाढती थायमसही कर्करोगासारखीच ग्लुकोज ओढून घेते. आकार अधिक बोलका असतो: कडा गुळगुळीत, रूप त्रिकोणी, शेजारच्या रक्तवाहिन्यांवर दाब नाही. एमआरआयच्या एका खास पद्धतीत ग्रंथीत मिसळलेली चरबी ओळखता येते. ल्युकेमियाच्या गाठीत ती सहसा नसते. शंका उरलीच तर बायोप्सी. एरवी औषध लागत नाही. काही काळाने पुन्हा स्कॅन करून ती ओसरते आहे ना, एवढेच पाहतात.